तुम्ही जरा बाहेर बसा

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या बायकोला काही विचारायचंय म्हणून मला कुणी खोलीबाहेर काढलं नव्हतं. ते लातूरच्या एका दवाखान्यात घडलं. काढणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची होती. ती हसून म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा." आणि मी, ज्यानं आयुष्यभर एसटीत लोकांना पुढं सरका, मागं व्हा म्हणून हाकललं, मुकाट्यानं उठून बाहेर बसलो.

मी औशाचा. कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. तिकीट न काढता बसलेला माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच लक्ष देऊन बघतो, हे मला पाठ आहे. त्यामुळं फार गोड बोलणारा, फार मोकळं सांगणारा, फुकट काही देणारा माणूस दिसला की माझ्या मनात आधी शंकाच येते. बायको म्हणते, तुम्ही देवाकडं बी तिकीट मागताल. मागीन की. त्यात वाईट काय आहे?

तर बायकोचे हात. दोन-तीन वर्षांपासून तिची बोटं सकाळी आखडलेली असायची. लाकडासारखी. सांधे सुजायचे, तांबडे व्हायचे. भाकरी थापता येईना म्हणून ती लाटायला लागली, मग लाटताही येईना. औशातल्या डॉक्टरनं संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. उतार पडायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

भाकरीचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते पूजेचं. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं विभूती लावायची, फूल वाहायचं. त्यासाठी तळहात सरळ उघडावा लागतो. तिचा उघडेना. एका सकाळी लिंग तिच्या हातावरून कलंडलं आणि मांडीवर पडलं. आमच्यात ही साधी गोष्ट नाही. तिनं ते उचलून कपाळाला लावलं आणि ती किती तरी वेळ तशीच बसून राहिली. पूजेला बसलेल्या माणसाशी मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मीही दारातूनच परत फिरलो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण सांगणार कुणाला?

मग कुणीतरी लातूरच्या त्या दवाखान्याचं नाव सुचवलं. तिथल्या डॉक्टरनं हात तपासले, रक्त तपासलं आणि दुसऱ्या खेपेला म्हणाले, या दुखण्यावर एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. तुमची इच्छा असेल तर त्यात भाग घेता येईल. नसेल तर आहे तो इलाज चालूच राहील, त्यात काही कमी होणार नाही.

अभ्यास म्हटल्यावर माझे कान टवकारले. लातुरात अभ्यास म्हणजे क्लासवाल्यांचा धंदा, हे पोरासोरांना ठाऊक आहे. म्हातारीच्या हातावर कसला अभ्यास?

समजावून सांगायला ती बाई होती. मूळची नांदेडची, बोलणं आपल्याकडचंच. तिनं सगळं उलगडून सांगितलं. निम्म्या लोकांना नवीन गोळी देणार, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. जुनी गोळी सगळ्यांचीच चालू राहणार. कुणाला खरी आणि कुणाला नुसती, हे पेशंटला सांगत नाहीत.

"मग डॉक्टरला तर माहीत असंल," मी म्हणालो.

"न्हाई काका, डॉक्टरला बी न्हाई."

हे ऐकून मी खुर्चीत सरळच झालो. गाडी कुठं चालली हे ड्रायव्हरलाच माहीत नाही, आणि तुम्ही म्हणता बसा! तिनं त्याचं कारण सांगितलं, की डॉक्टरला कळलं तर त्याची नजर बदलते, खरी गोळी घेणारा त्याला जरा जास्तच बरा दिसतो. पटण्यासारखं होतं. पटलं म्हणूनच मला जास्त संशय आला.

मग तिनं कागद दिले. मराठीत, मोठ्या अक्षरात. घरी न्या, वाचा, कुणाला विचारायचं त्याला विचारा, घाई नाही, म्हणाली. बैलबाजारात दलाल भाव ठरवताना रुमालाखाली बोटं दाबतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त घाई असते, ते मी लहानपणापासून बघितलेलं. इथं घाईच नाही. घरी चष्मा लावून वाचायला बसलो तर काय काय होऊ शकतं त्याची जंत्रीच होती. मळमळ, अंगावर पुरळ, लिव्हरला त्रास, क्वचित जीवालाही धोका. आपल्या मालानं माणूस मरू शकतो असं कुठल्या दुकानदारानं पाटीवर लिहिलंय? लपवलं असतं तर मी म्हणालो असतो, बघा, लपवलं. सांगितलं तेव्हा म्हणालो, एवढं सांगतात म्हणजे नक्की पाणी कुठंतरी मुरतंय.

बायकोनंही कागद वाचले. ती चौथी शिकलेली, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते. वाचून घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

"काय करायचं?" मी विचारलं.

"तुमी म्हणताल तसं."

हेच उत्तर मला हवं होतं आणि हेच मिळणार हेही ठाऊक होतं. आमच्या घरात साडीच्या रंगापासून ऑपरेशनपर्यंत तिला कुणी काही विचारलं की ती म्हणायची, मालकाला इचारा. आमच्याकडं सगळ्याच बायका असं म्हणतात. म्हणून मी ठरवून टाकलं. दवाखान्यात जायचं, आम्हाला नको म्हणून सांगायचं आणि परत यायचं.

गेलो. मी बोलायला तोंड उघडलं तर त्या बाईनं बायकोकडं बघितलं आणि तिलाच विचारलं, "मावशी, तुमी वाचलं का?" बायको सवयीनं माझ्याकडं बघायला लागली. ते बघून बाई हसली आणि म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा.

"कामून?" मी विचारलं.

"काका, भाग त्यांनी घ्यायचाय. त्यांचं त्यांना एकटीला सांगता यायला पायजे, कुणाच्या धाकात न्हाई ना, ते बी बघावं लागतं. तसा नियमच हाय."

धाक! कुणाचा? माझा? जिला मी आजवर एका शब्दानं दुखवलं नाही, तिला माझा धाक? मला भयंकर राग आला. पण दवाखान्यात तमाशा नको म्हणून बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो. दाराची काच अंधुक होती. आत दोन सावल्या दिसत होत्या, एक हात हलवत बोलत होती आणि दुसरी, नवल म्हणजे, तीही हात हलवत बोलत होती. बायको एवढं बोलते? आणि काय बोलते? माझ्याशी तर चहात साखर कमी का जास्त याच्या पुढं गाडी जात नाही. तिला फूस लावायलेत, भोळी बघून सही घ्यायलेत, असं मला वाटत राहिलं. एकदा तर आतून हसण्याचा आवाज आला. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

ती बाहेर आली ती पदर नीट करत.

"काय झालं?"

"केली सही."

"अगं, आपण नको म्हणणार होतो ना?"

"तुमी म्हणणार होता," ती म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

येताना एसटीत मी तीनदा विचारलं, आत काय बोलणं झालं. ती म्हणाली, काय न्हाई, इचारपूस. मी म्हटलं, एवढा वेळ? ती म्हणाली, "मधीच सोडायचं झालं तर सोडता येतं म्हणं. कारण सांगायचं बंधन न्हाई. कुणी रागवत बी न्हाई." आणि स्वतःशीच मान हलवली. तिला त्यात एवढं काय वाटलं मला कळेना. मला एकच कळलं, की आता हे मलाच निस्तरायला लागणार.

त्यावर मी युक्ती काढली. पुढच्या तपासणीची तारीख दवाखान्यातून फोनवर कळवणार होते. घरात फोन एकच, माझा. फोन आला की सांगून टाकायचं, आमच्या पेशंटला यायला जमणार नाही, नाव काढून टाका. वाक्य मी तयारच ठेवलं होतं. मनातल्या मनात दोनदा म्हणूनही बघितलं. बायकोला कळण्याचं कारण नव्हतं, आणि चार दिवसांनी ती विसरूनही गेली असती.

फोन काही आला नाही. आला तो इस्लापूरहून.

इस्लापूर म्हणजे पार किनवटकडं, सहस्रकुंडाच्या बाजूला. माझी धाकटी मेव्हणी तिथं दिलेली. तिचा फोन यायचा तो सणावाराला. आता तिला एकाएकी बहिणीचा उमाळा आला. "दाजी, बरं हाय ना? अक्काला द्या जरा." अक्का फोन घेऊन परसात जायची, हाव, हाव म्हणायची आणि परत आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तयार. "आज लातूरला जायचंय." तारीख तुला कुणी सांगितली म्हटलं तर म्हणे, मागच्या खेपेलाच सांगितली होती. प्रत्येक वेळी हेच. आज मेव्हणीचा फोन, उद्या दवाखाना. आता मी काही दूधखुळा नाही. या दोघी बहिणींचं काहीतरी शिजतंय एवढं मला दिसत होतं. साडूनं जमिनीचं काही काढलंय का, दवाखान्याच्या नावावर ही दुसरीकडं जाते का, नाही नाही ते मनात यायला लागलं. पण मी स्वतः बरोबर असायचो, दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत. पुढं ते दार.

गोळ्यांची बाटली मात्र घरातच होती. ती रोज सकाळी पूजेनंतर एक गोळी घ्यायची. हातात म्हणावा तसा फरक मला तरी दिसत नव्हता. कधी तळहात जरा जास्त उघडायचा, कधी पुन्हा तसाच. हिला बहुतेक नुसतीच गोळी दिलीय, उगं राबवून घ्यायलेत, अशी माझी खात्री होत चालली. मग विचार केला, शितावरून भाताची परीक्षा होते, तर गोळीवरून बाटलीची का होऊ नये? ती देवळात गेली होती तेव्हा मी एक गोळी काढली. वास घेतला, वास नाही. जिभेला लावली, चव नाही. मग गिळूनच टाकली आणि काय होतंय ते बघत ओट्यावर बसलो.

दुपारपर्यंत काही झालं नाही. दुपारी पोटात गुरगुरायला लागलं. तेवढ्यात आठवलं की सकाळी एसटी स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली होती. म्हणजे भजी की गोळी? हाती काहीच लागलं नाही, आणि दोन दिवस अंगावर पुरळ उठतंय का म्हणून सदरा वर करून बघण्यात गेले.

पुढच्या खेपेला बाईनं बाटली ओतून उरलेल्या गोळ्या मोजल्या. मोजतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर तिकिटांचा हिशेब दिलेला माणूस मी! एक कमी भरली. "मावशी, एखाद दिवशी दोन घेतल्या का?" बाईनं काळजीनं विचारलं.

बायको म्हणाली, "न्हाई. ह्यांनी खाल्ली."

म्हणजे गोळ्या तीही मोजत होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि घरात ती एका शब्दानं बोलली नव्हती.

मला वाटलं आता झडती होणार, दोघांनाही हाकलणार. डॉक्टर आले, पण रागावले नाहीत. उलट घाबरल्यासारखे दिसले. मला म्हणाले, तुम्हाला काय काय आजार आहेत आम्हाला माहीत नाही, या औषधाचं तुम्हाला कुणी समजावून सांगितलेलं नाही, तुमची परवानगी घेतलेली नाही. तुमचं रक्त तपासून घेऊ या, पण तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तरी चालेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं.

मग बाईनं माझ्या बायकोकडं वळून सांगितलं, "मावशी, तुमी जरा बाहेर बसा."

बायको उठली. जाताना तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ते अजून आठवतं. हसली नाही, पण हसण्याच्या अगदी काठावर होती.

दार लागलं आणि मी एकटा राहिलो. बाईनं सगळं सावकाश सांगितलं. रक्त किती घेणार, कशासाठी घेणार, काय दुखेल. मग म्हणाली, "तुमाला काय इचारायचं असंल ते इचारा काका, कशाचं बी." आणि पेन खाली ठेवून बसली. माझ्या तोंडाकडं बघत, खरंच उत्तराची वाट बघत. अशी वाट बघणारं माणूस समोर असलं की काहीतरी सांगावंसं वाटतं. मी रात्री पाय ठणकतात ते सांगितलं. कधीकधी छातीत धडधडतं तेही सांगितलं, जे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून झाल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "हे घरी कळवू नका." ती म्हणाली, "न्हाई कळवत."

शेवटी तिनं विचारलं, "तुमाला काही त्रास झाला तर कुणाला कळवायचं?"

"बायकोला. दुसरं कोण हाय?"

"त्यांचा नंबर सांगा."

मी खिशातला फोन काढला आणि परत ठेवला. बायकोला नंबर नव्हता. घरात माझा एक फोन आहे, मग तिला कशाला, असं मीच म्हणत आलो होतो. बाई पेन धरून थांबली होती. मी म्हटलं, तिलाच विचारा. बाईनं दार उघडून तिला आत बोलावलं. "मावशी, काकांचं काही कळवायचं झालं तर तुमाला कुठल्या नंबरवर कळवू?"

बायकोनं नंबर सांगितला. न अडखळता, तोंडपाठ. चौथी शिकलेल्या बाईनं, जी घरात घड्याळसुद्धा मला विचारते. मी तो नंबर ओळखला. माझ्या फोनवर तो महिनाभर वाजत होता. इस्लापूरचा.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिला पुन्हा एकदा विचारायचं ठरवलं, की झाला प्रकार बघता अभ्यासात राहायचं की सोडायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. या वेळी परवानगीसाठी नाही. मी उठलो आणि बाहेर जाऊन बसलो. रक्त घेतलं तिथला कापूस दाबून धरला होता. आत पुन्हा दोन सावल्या हलत होत्या.

औशाच्या गाडीत जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी धीर धरला.

"इस्लापूरचा नंबर कामून दिलास?"

ती खिडकीशी होती. बोटं मांडीवर ठेवून एकेक सरळ करत होती, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. "पयल्याच दिशी बाईनं इचारलं, तारीख कुठं कळवू. घरात फोन तुमचा. दवाखान्याचा फोन आला असता, तुमी उचलला असता आन् म्हणला असता, आमच्या पेशंटला यायला जमणार न्हाई, नाव काढून टाका. मला कळलं बी नसतं."

माझं वाक्य. मी मनात दोनदा म्हणून ठेवलेलं, कुणाला न सांगितलेलं, ते तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मला आधी राग आला. मग राग कुणावर काढायचा ते सापडेना, आणि लाज वाटली. महिनाभर मी डॉक्टरवर, त्या बाईवर, मेव्हणीवर नजर ठेवून होतो. त्या बंद दाराआड तिनं पहिली गोष्ट मागितली होती ती माझ्यापासून आडोसा.

औसा जवळ आला तेव्हा मी विचारलं, "मग आज काय सांगितलंस? राहणार का सोडणार?"

"इस्लापूरचा फोन येईल की," ती म्हणाली. "तवा कळंल."

तिची गोळी खरी की नुसती, ते अजून कुणाला माहीत नाही. अभ्यास संपल्यावर सांगणार आहेत. तळहात कधी उघडतो, कधी नाही.

चार-पाच दिवस मी फोनच्या आसपासच होतो. एका संध्याकाळी तो वाजला. "दाजी, अक्काला द्या जरा." कशाला म्हणून मी विचारलं नाही. फोन बायकोच्या हातात दिला. ती सवयीनं परसाकडं निघाली, तेव्हा मी म्हटलं, तू बस इथंच. आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.